शुद्धीचे अधिष्ठान : तांब्याची नळी, प्लास्टिकची नळी आणि द्रव्यशुद्धीचा विचार

पाणी ज्या पदार्थातून वाहत येते त्या पदार्थाची शुद्धता पाण्याला मिळते काय, आणि तो पदार्थ बदलला तर पाण्याची धार्मिक योग्यताही बदलते काय, हा प्रश्न वरवर पाहता नळकाम करणाऱ्या कारागिराचा वाटतो. परंतु शुद्धी म्हणजे काय आणि ती कोठे राहते, या धर्मशास्त्रातील व दर्शनशास्त्रातील जुन्या वादाशी त्याचे मूळ जोडलेले आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापासून बांधल्या गेलेल्या असंख्य घरांत भिंतींच्या आतून तांब्याच्या नळ्या खेळवलेल्या आहेत, आणि त्या जुन्या झाल्या की त्यांच्या जागी आता बहुधा प्लास्टिकच्या नळ्या घातल्या जातात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही हा निर्णय प्रत्यक्ष येऊन ठेपतो. महाराष्ट्रात घरगुती नळांसाठी तांब्याच्या नळ्या क्वचितच वापरल्या गेल्या. येथे भिंतीत जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळ्या, म्हणजे बाजारातले जीआय पाइप, असत, आणि तांबे हे हंडा, कळशी, घंगाळ व बंब यांच्या रूपाने मोरीत आणि ताम्हण, पळी, पंचपात्र यांच्या रूपाने देवघरात असे. मराठी मनात तांब्याविषयी जो आदर आहे तो अशा रीतीने भांड्यांच्या सहवासातून आलेला आहे, आणि तो भिंतीतल्या नळीला कितपत लागू पडतो हे तपासून पाहण्याजोगे आहे.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेणे आवश्यक आहे. तांब्याच्या नळीतून पाणी वाहू लागले की तिच्या आतल्या अंगावर तांब्याच्या संयुगांचा एक पातळ थर धरतो, आणि हा थर टिकून राहिला तर नळी अनेक दशके चांगली चालते. पाणी आम्लधर्मी असले, म्हणजे त्याच्यात आंबटपणाकडे झुकणारा रासायनिक गुण असला, तर मात्र हा थर टिकत नाही, तांबे पाण्यात उतरू लागते, न्हाणीघरातल्या पांढऱ्या भांड्यांवर हिरवट-निळे डाग पडतात आणि काही काळाने नळीला सुईच्या अग्राएवढी भोके पडून भिंत ओलावते. तांब्याच्या नळ्या एकमेकींना जोडताना सांध्यावर डाख दिला जाई, म्हणजे सहज वितळणारा धातू ओतून सांधा बुजवला जाई, आणि या डाखात कथलाबरोबर शिसे असे. शिसे मेंदूला, विशेषतः लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला, घातक असल्यामुळे अमेरिकेत 1986 साली पिण्याच्या पाण्याच्या नळकामात शिशाच्या डाखाला बंदी घालण्यात आली, आणि 1991 साली झालेल्या नियमाने नळाच्या पाण्यातील तांब्यासाठी लिटरला 1.3 मिलिग्रॅम व शिशासाठी लिटरला 15 मायक्रोग्रॅम ही कारवाईची पातळी ठरवली गेली. जुन्या तांब्याच्या जागी जे प्लास्टिक येते ते मुख्यतः दोन प्रकारचे असते : एक सीपीव्हीसी, म्हणजे अधिक क्लोरीन मिसळून उष्णता सोसण्याजोगे केलेले पीव्हीसी, जे महाराष्ट्रातील नव्या इमारतींतही सर्रास दिसते, आणि दुसरे पेक्स, म्हणजे ज्याच्या लांब रेणूंना आडवे बंध घालून मजबुती आणलेली असते असे पॉलिएथिलीन. दोन्ही स्वस्त आहेत, दोन्हींना गंज चढत नाही, आणि दोन्हींच्या जोडकामाला ज्योत लागत नाही.

आता धर्मशास्त्राकडे वळता येईल. कोणत्या वस्तूचा कोणता विटाळ कशाने दूर होतो याचा विचार स्मृतिग्रंथांत ‘द्रव्यशुद्धी’ या प्रकरणात केलेला असून मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात तो विस्ताराने आढळतो. कल्याणीच्या चालुक्य राजवटीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यावर लिहिलेल्या मिताक्षरा या टीकेत त्याचे बारकावे उलगडले आहेत, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात या सर्व परंपरेचा आढावा घेतला आहे. या नियमांकडे पाहताना पहिली लक्षात येणारी गोष्ट ही, की ते धातूंचे माहात्म्य सांगत बसत नाहीत, ते धातू घासण्याची रीत सांगतात. तांब्यासाठी क्षार, आम्ल आणि पाणी ही साधने दिलेली आहेत, आणि चिंच किंवा लिंबू लावून तांब्या घासणारी गृहिणी आजही नेमके तेच करते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : याज्ञवल्क्याने तांब्याला कथील आणि शिसे यांच्याच पंक्तीत बसवून तिघांनाही एकच शुद्धिविधी सांगितला आहे. तांबे स्वभावतःच पवित्र असल्यामुळे त्याला शुद्धीची गरज नाही, असे स्मृतिकारांना वाटले असते तर हे वर्गीकरण त्यांनी केले नसते. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक वस्तू मळते आणि प्रत्येक वस्तूची निगा तिच्या प्रकृतीप्रमाणे राखावी लागते.

येथून प्रश्न दर्शनशास्त्राच्या क्षेत्रात शिरतो. शुद्धी हा वस्तूचा गुण असेल तर तो रंग, चव किंवा स्पर्श यांच्यासारखा वस्तूत राहिला पाहिजे; पण वैशेषिक दर्शनाने जगातील सर्व गुणांची जी गणना केली, ज्यात रूप, रस, गंध, स्पर्श यांपासून धर्म-अधर्मापर्यंत चोवीस गुण येतात, तिच्यात शुद्धी नावाचा गुण नाही. मग यज्ञातल्या भातावर मंत्रपूर्वक पाणी शिंपडल्याने, म्हणजे प्रोक्षणाने, काय घडते? मीमांसकांचे म्हणणे असे, की त्या दाण्यांतच एक अतींद्रिय शक्ती, म्हणजे इंद्रियांना न दिसणारे सामर्थ्य, उत्पन्न होते आणि त्यामुळे ते दाणे यज्ञाला योग्य ठरतात. न्यायदर्शनातील आचार्य उदयन याने ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथात या मताचे खंडन केले आणि प्रोक्षणासारख्या विधींचा संस्कार दाण्यात राहत नसून तो विधी करणाऱ्या पुरुषात राहतो असे प्रतिपादन केले. उदयनाचा हेतू वेगळा होता. पदार्थांत अतींद्रिय शक्ती मानण्याची गरज नाही हे त्याला दाखवायचे होते. तथापि त्याच्या या भूमिकेवरून प्रस्तुत प्रश्नासाठी एक उपयुक्त भेद हाती लागतो. काजळी, जंगाल, विरघळलेले शिसे हे वस्तूत असतात आणि वस्तूतूनच काढावे लागतात. त्या अर्थाने मळ हा वस्तुनिष्ठ आहे. परंतु ‘ही वस्तू योग्य आहे’ असे म्हणण्याचा अधिकार ज्यातून येतो ते शौच कर्त्याच्या आचरणात राहते, कारण मळ शोधणे, तो काढणे आणि तो पुन्हा साचू न देणे ही कामे धातू करू शकत नाही.

हा भेद मान्य केला की तांब्याविषयीच्या परंपरेचाच एक दुर्लक्षित भाग अर्थपूर्ण ठरतो. सूर्याला अर्घ्य तांब्याच्या पात्रातून देतात, गंगाजल तांब्याच्या मोहोरबंद गडूत घरी आणतात; पण त्याच परंपरेत तूप सोडून गाईचे इतर दुग्धजन्य पदार्थ तांब्याच्या पात्रात ठेवले तर ते मद्यासमान समजावेत असेही सांगितलेले आहे, आणि त्या पदार्थांत दूधही आहे. घराघरांतून या निषेधाचा व्यावहारिक अवतार म्हणजे कल्हई होती. कल्हईवाला भांडे भट्टीवर तापवी, ते पुरेसे तापले की आत नवसागराची पूड टाकी, पांढऱ्या धुराचा लोट उठून धातूचा पृष्ठभाग लख्ख होई, आणि त्या क्षणी कथलाचा तुकडा भांड्याला टेकवून तो वितळताच कापसाच्या बोळ्याने चपळाईने सर्व अंगाला पसरवी. काही क्षणांत तांबूस-पिवळे अंग चांदीसारखे पांढरे होई. कल्हई उडाली की ताक कळकते, हे ज्या घरात सर्वांना ठाऊक होते त्या घरात तांबे-पितळ पूज्य होते आणि तरीही अन्नापासून त्याला एका पातळ थराच्या अंतरावर ठेवले जात होते.

या निषेधामागील धोका किती खरा होता हे विसाव्या शतकात पुण्यातील संशोधनाने दाखवले. भारतातील तान्ह्या आणि लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार होत असे व त्यात यकृतात तांब्याचा प्रचंड साठा आढळे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांचा सहभाग असलेला एक अभ्यास 1983 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्यात तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेले व साठवलेले जनावराचे दूध लहान वयातच पाजण्याशी या आजाराचा संबंध मांडण्यात आला. पुढे घरोघरी ही भांडी मागे पडून स्टील आले आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात मुलांच्या अशाच आजाराचा संबंध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांशी लागला. जर्मनीत खासगी विहिरींचे आम्लधर्मी पाणी तांब्याच्या नळ्यांतून येऊन तान्ह्यांच्या भुकटीच्या दुधात मिसळले गेले तेथेही तशी काही उदाहरणे नोंदली गेली. उलट बाजूही तितकीच खरी आहे : 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसाराचे जंतू मेलेले आढळले, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत राहिले. तेव्हा तोच धातू रात्रभर ठेवलेल्या पाण्याला उपकारक आणि बाळाच्या दुधाला मारक ठरतो. ज्याचे फळ संबंधानुसार उलटते त्याला शुद्धीचे निरपेक्ष अधिष्ठान म्हणता येत नाही.

तांब्याच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद येथेच संपत नाही. तांब्याचा दोष निदान दिसतो, ही त्याची खरी थोरवी आहे. हिरवट डाग पडतो, पाण्याला कडसर धातूची चव येते, ताक कळकते. पाण्याच्या परीक्षेची जुनी साधने याच दृश्यतेवर आधारलेली आहेत. मनूने जमिनीवरील पाण्याविषयी सांगितले, की ते गाईची तहान भागेल इतके असावे, त्यात अमेध्य मिसळलेले नसावे आणि त्याचा वर्ण, गंध व रस मूळचा असावा. इस्लामी धर्मशास्त्रातही पाणी शुद्धीला योग्य आहे की नाही हे ठरवताना रंग, चव आणि वास या तीन लक्षणांत बदल झाला आहे काय हे पाहिले जाते. एकमेकांपासून दूर वाढलेल्या दोन परंपरा माणसाच्या डोळ्यावर, नाकावर आणि जिभेवर सारखाच विश्वास टाकतात, याचे कारण त्यांच्या काळी या इंद्रियांपलीकडे दुसरे साधन नव्हते. याच विश्वासातून स्मृतिकारांनी आणखी एक उदार नियम केला : ज्या वस्तूचा दोष कोणाला दिसलेला किंवा कळलेला नाही ती शुद्ध समजावी. या नियमाशिवाय संशयाला अंत राहिला नसता आणि कोणालाही शांतपणे घोटभर पाणी पिता आले नसते. परंतु काळजीने पाहणाऱ्याला दोष दिसतोच, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

भिंतीतल्या नळीने हे गृहीतक मोडले. शिसे पाण्यात विरघळले की ना रंग देते ना वास, आणि त्याची घातक मात्रा जिभेला कळत नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील फ्लिंट या शहरात एप्रिल 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलून फ्लिंट नदीचे पाणी देण्यास सुरुवात झाली आणि नळ्या झिजू नयेत म्हणून पाण्यात जे द्रव्य मिसळावे लागते ते मिसळले गेले नाही. त्यामुळे जुन्या शिशाच्या आणि लोखंडी नळ्यांच्या आतला रक्षक थर सुटला आणि शिसे घराघरांत पोचले. नागरिकांनी रंग आणि वास यांविषयी तक्रारी केल्या, पण पाणी सुरक्षित आहे असे त्यांना सांगितले जात राहिले, आणि जानेवारी 2016 मध्ये आणीबाणी जाहीर होईपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ लोटला. त्या शहरात बहुसंख्य नागरिक कृष्णवर्णीय होते आणि दारिद्र्य मोठे होते. पुढे शिशाच्या नळ्या उपटून त्यांच्या जागी तांब्याच्या घालण्यात आल्या. एका ठिकाणी तांबे काढून टाकण्याची वेळ येते आणि दुसऱ्या ठिकाणी तेच तांबे सुटका म्हणून येते, यावरून पदार्थाच्या नावावर निर्णय सोपवता येत नाही हे पुन्हा स्पष्ट होते. फ्लिंटचा दोष न दिसण्यातून सुरू झाला, पण तो वाढला तो न पाहण्यातून; आणि न दिसणे व न पाहणे यांत धर्मदृष्ट्या मोठे अंतर आहे. स्मृतीचा उदार नियम अज्ञ माणसाला अभय देतो. ज्याच्याकडे पाहण्याची साधने आहेत आणि जो ती वापरत नाही, त्याला त्या नियमाच्या आडोशाला उभे राहता येत नाही.

नळीच्या पदार्थाचा धार्मिक विचार ज्या परंपरेने फार काटेकोरपणे केला ती यहुदी परंपरा या संदर्भात उद्बोधक आहे. यहुदी धर्मात शुद्धिस्नानासाठी जे कुंड असते त्याला मिक्वे म्हणतात. त्यातले पाणी भांड्याने उपसून ओतलेले चालत नाही, ते पावसाचे किंवा झऱ्याचे असून आपोआप साचलेले असावे लागते, आणि ज्या वस्तूला विटाळ लागू शकतो अशा वस्तूच्या साहाय्याने ते कुंडात आलेले नसावे अशीही अट आहे. त्या परंपरेत धातूच्या वस्तूंना विटाळ लागू शकतो, दगडाच्या भांड्यांना लागत नाही, आणि प्लास्टिकचे नाव प्राचीन यादीत असणे शक्यच नव्हते. म्हणून पावसाचे पाणी कुंडाकडे नेणाऱ्या नळीविषयी आधुनिक काळात बरीच चर्चा झाली. जमिनीत पक्की बसवलेली नळी भांडे समजली जात नाही असे काही पंडित मानतात, तर काही धातू टाळणेच इष्ट समजतात आणि म्हणून प्लास्टिकची किंवा काँक्रीटची नळी वापरण्याचा प्रघात आढळतो. महाराष्ट्रातील, विशेषतः कोकणातील, बेने इस्राएल समाजामुळे यहुदी धर्म मराठी वाचकाला परका नाही. या उदाहरणातून दिसते ते असे, की धर्मविचाराच्या कसोटीवर प्लास्टिक आपोआप हीन ठरत नाही. एका परंपरेत धातू आदरणीय आणि प्लास्टिक क्षुद्र वाटते, तर दुसरीत त्याच धातूविषयी शंका आणि प्लास्टिकला मुभा असते. मिक्वेचे नियम आरोग्याविषयी नाहीत हे खरे. परंतु पाणी कोणत्या मार्गाने आले याची शेवटपर्यंत चौकशी करण्याची जी वृत्ती त्यांत आहे ती कोणत्याही परंपरेने घ्यावी अशी आहे.

प्लास्टिकला मुभा दिली म्हणजे त्याची चौकशी संपली असे मात्र होत नाही. नव्या पेक्स नळीतून काही काळ पाण्याला वास येऊ शकतो, कारण ती घडवताना वापरलेल्या द्रव्यांचे अवशेष पाण्यात उतरतात. पीव्हीसीला उष्णतेत स्थिर ठेवण्यासाठी शिशाची संयुगे वापरण्याची पद्धत भारतात दीर्घकाळ होती, आणि तिला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारला 2021 साली स्वतंत्र नियम करावे लागले; जे शिसे तांब्याच्या सांध्यात होते तेच प्लास्टिकच्या अंगातही असू शकते, हे गंजमुक्त पांढऱ्या नळीकडे पाहून कोणाच्या मनातही येणार नाही. कॅलिफोर्नियात 2017 साली सांता रोझा परिसरात आणि 2018 साली पॅराडाइज गावी वणव्यांनी वस्त्या भस्मसात झाल्यावर पाणीपुरवठ्याच्या जाळ्यात बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य आढळले, आणि प्लास्टिकच्या नळ्या असे द्रव्य शोषून घेऊन पुढे हळूहळू पाण्यात सोडतात ही अडचण समोर आली. वस्तूच्या अंताचाही प्रश्न आहे. अतिशय दूषित झालेले धातूचे पात्र अग्नीत घालून शुद्ध होते, तर काही दोष लागलेले मातीचे भांडे पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाही आणि टाकावेच लागते, असा भेद स्मृतींनी केला आहे. तांबे कितीही वेळा वितळवून नवे करता येते, म्हणून जुन्या तांब्याला मोडीत किंमत येते आणि पुण्याच्या कसब्यातील तांबटांच्या आळीसारखी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. पेक्स मात्र त्याच्या रेणूंना घातलेल्या बंधांमुळे पुन्हा वितळत नाही. जो पदार्थ पुन्हा शुद्ध करता येत नाही तो घरात आणणाऱ्याने त्याच्या शेवटाचाही विचार करावा, ही अपेक्षा जुन्या भेदाला धरूनच आहे.

या विवेचनावर दोन बाजूंनी आक्षेप येऊ शकतात. श्रद्धावान माणूस म्हणेल, की देवपूजेत तांब्याचे पात्र विहित असताना घरात येणारे पाणी प्लास्टिकमधून आणणे हा आचाराचा संकोच आहे. याचे उत्तर असे, की विहित पात्राचा नियम अर्पणाच्या कृतीपुरता आहे. पाणी ताम्हणात पडण्यापूर्वी कोणत्या मार्गाने आले याविषयी तो काही सांगत नाही, आणि सांगत असता तर लोखंडी नळातून आलेल्या पाण्याने शंभर वर्षे झालेली पूजा व्यर्थ ठरली असती. पूजेचे तांबे पूजेत राहू द्यावे. त्याचा मान राखण्यासाठी भिंतीतल्या नळीला देवत्व देण्याची गरज नाही. दुसरा आक्षेप विज्ञाननिष्ठ माणसाचा आहे : शुद्धी हा शब्दच सोडून द्यावा, कारण लिटरला किती मिलिग्रॅम एवढे सांगितले की सर्व सांगून झाले. हा आक्षेप अधिक गंभीर आहे, पण तो अपुरा आहे. मर्यादा किती हे मोजमाप सांगते. ती मर्यादा कोणी पाळावी, मोजण्याचा खर्च कोणी उचलावा आणि मोजून आलेला आकडा कोणापासून लपवू नये, हे मोजमापातून निघत नाही. मनूनेच सर्व शुद्धींत अर्थशुद्धी, म्हणजे पैशाच्या व्यवहारातील प्रामाणिकपणा, श्रेष्ठ ठरवून माती आणि पाण्याने होणाऱ्या शुद्धीला तिच्याखाली बसवले आहे. हलकी नळी घालून चांगल्या नळीचे पैसे घेणारा बांधकाम व्यावसायिक, भाडेकरूला जुन्या सांध्यांची कल्पना न देणारा घरमालक, चाचणीचे निकाल दडपणारा अधिकारी हे या कसोटीवर अशुद्ध ठरतात, मग नळी कशाचीही असो.

शुद्धीच्या कल्पनेचा कोणताही प्रामाणिक विचार तिच्या दुरुपयोगापाशी थांबल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. ज्या धर्मशास्त्राने वस्तूचा मळ काढण्याचे इतके सूक्ष्म विधी सांगितले त्याच्याच आधाराने माणसांच्या जन्मालाच मळ मानण्यात आले, आणि हा विटाळ कोणत्याही क्षाराने किंवा आम्लाने धुतला जाणार नाही असे ठरवण्यात आले. एकोणिसाव्या शतकात मोठ्या शहरांत नळ आले तेव्हा सनातन्यांना पडलेला प्रश्न पाण्यातल्या जंतूंचा नव्हता. तेच पाणी सर्व जातींच्या हातांना लागते आणि नळात चामड्याचा वायसर असतो, याची त्यांना चिंता होती. मुंबई विधिमंडळाने 1923 साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला, महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी तो स्वीकारला, आणि तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि नंतर तळ्याचे पंचगव्याने ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. त्या तळ्याचा हक्क उच्च न्यायालयात सिद्ध व्हायला 1937 साल उजाडले. ज्या तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता तेथे माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते हा सिद्धांत द्रव्यशुद्धीच्या स्वतःच्या तर्कालाही धरून नव्हता, कारण वर्ण, गंध, रस यांपैकी काहीही त्या स्पर्शाने बदलले नव्हते. मळ वस्तूत असतो आणि शौच आचरणात असते, हा भेद पुसला गेला की अमेध्य पदार्थ सोडून माणूसच अशुद्ध ठरवला जातो, आणि विचारातला दोष समाजाचा गुन्हा बनतो. सर्वांच्या घरी एकच पाणी नेणाऱ्या नळाने हा दोष सर्वस्वी घालवला नाही, पण पाण्याच्या बाबतीत जन्माची कसोटी किती पोकळ आहे हे त्याने रोजच्या रोज सिद्ध केले. द्रव्यशुद्धीच्या परंपरेतून आज जे घ्यायचे ते निगेचे शास्त्र आहे. जन्मावर लादलेला विटाळ टाकून दिल्याशिवाय ते शास्त्र हाती घेण्याचा अधिकारच पोचत नाही.

यावरून जुनी तांब्याची नळी बदलावी की ठेवावी या प्रश्नाचे धार्मिक उत्तर निश्चित करता येते. तांब्याची नळी सुस्थितीत असेल, सांधे शिसेविरहित असतील आणि पाणी आम्लधर्मी नसेल तर ती केवळ जुनी आहे म्हणून उपटणे हा अपव्यय आहे. ती झिजत असेल, घरात तान्हे मूल असेल आणि पाण्यात तांबे किंवा शिसे उतरत असेल तर तिच्याविषयीच्या ममत्वापायी ती ठेवणे हा अधर्म आहे. प्लास्टिकची नळी घातल्याने घराचे पावित्र्य कमी होत नाही, परंतु ती घालणाऱ्याचे कर्तव्य वाढते, कारण तांब्याचे अनेक दोष डोळ्याला आणि जिभेला कळत आणि प्लास्टिकचे बहुधा कळत नाहीत. इंद्रियांनी सांगायचे ते आता चाचणीने सांगावे लागते : पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित केलेलीच नळी निवडणे, नवी नळी बसवल्यावर पाणी पुरेसे वाहू देणे, रात्रभर नळीत साठलेले पहिले पाणी पिण्यासाठी न घेणे, ठराविक काळाने पाण्याची तपासणी करून घेणे, तिचा निकाल घरातल्या आणि इमारतीतल्या सर्वांना सांगणे आणि काढलेले तांबे कचऱ्यात न टाकता पुन्हा वितळवण्यासाठी देणे. कल्हई उडाली आहे हे ओळखून भांडे वेळेवर कल्हईवाल्याकडे पाठवणारी गृहिणी ज्या शौचाचे पालन करत होती त्याचेच हे आजचे रूप आहे, आणि ते एकट्या घराच्या आवाक्यातले नसल्यामुळे त्याची जबाबदारी नगरपालिकेपर्यंत आणि शासनापर्यंत पोचते. शुद्धी एकदा बसवून विसरून जाता येईल अशी वस्तू कधीच नव्हती. जो पाणी देतो त्याने पिणाऱ्याविषयी सतत बाळगायची ती जबाबदारी आहे, आणि ही जबाबदारी घेण्याची तयारी नसेल तर तांब्याची नळीही कोणाला पवित्र करणार नाही.